म्हसोबाच्या रेड्याची जप्ती

कोल्हापूरच्या कोर्टात मला सगळे जप्तीबाई म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं. ॲडव्होकेट चारुलता इंगवले हे नाव आता फक्त दारावरच्या पाटीवर उरलं आहे. गुन्हा करून कमावलेली मालमत्ता शोधून काढायची, ती गुन्ह्यातूनच आली हे कोर्टात सिद्ध करायचं आणि ज्यांना लुबाडलं त्यांच्यापर्यंत ती परत पोचवायची, हे माझं काम. माणसाला आत टाकायला दुसरे सरकारी वकील आहेत. त्याच्या दारातली गाडी ओढून आणायला मी आहे. आजवर बंगले, द्राक्षबागा, शर्यतीची घोडी, एक हेलिकॉप्टर आणि एका महाभागाचा सोन्याचा मुलामा दिलेला झोपाळा मी सरकारजमा केला आहे. बाररूममध्ये मी शेजारी येऊन बसले की लोक गमतीनं हातातलं घड्याळ बाहीत सरकवतात.

माझा दिवस सुरू होतो तो गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर. जग कितीही पुढं गेलं, दुधाची पावडर ड्रोननं खिडकीत येऊन पडायला लागली, तरी कोल्हापूरकराला म्हैस डोळ्यांसमोर पिळलेली लागते. तिथं शालनवहिनींच्या म्हशीचं दूध मी दहाएक वर्षं पिते आहे. शालन घागरे, नदीपलीकडच्या हिरवडीच्या. बोलणं तिखट, हात सढळ. पेल्यावर चार बोटं फेस आल्याशिवाय त्या पेला हातात देत नाहीत. आमची पहिली ओळख मात्र भांडणातून झाली. त्यांची म्हैस व्याली तेव्हा त्यांनी मला डबाभर चीक दिला होता, आणि मी तो डबा घासूनपुसून लख्ख करून परत नेला. त्यांनी कपाळावर हात मारला. चिकाचं भांडं धुऊन परत द्यायचं नसतं, म्हैस आटते, एवढंही शिकलेल्या बाईला कळू नये याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं.

तर या शालनवहिनींना आणि हिरवडीच्या आसपासच्या सगळ्या गवळ्यांना गंडवणारा माणूस म्हणजे डॉक्टर प्रियरंजन शहापुरे. माणूस लबाड होता, पण त्याचं विज्ञान लबाड नव्हतं, आणि या प्रकरणातली सगळी गंमत तिथंच आहे.

सर्पदंशावरचं औषध अजूनही बरंचसं जुन्याच पद्धतीनं बनत होतं. घोड्याला थोडं थोडं विष टोचायचं, त्याच्या रक्तात त्या विषाला मारणारी प्रथिनं तयार झाली की रक्त काढून ती वेगळी करायची. शहापुरेनं ठरवलं की हे काम म्हशीच्या कासेकडून करून घ्यायचं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषाला बांधून ठेवणाऱ्या प्रथिनांचा आराखडा त्यानं एका जनुकात बसवला आणि ते जनुक म्हशीच्या गर्भात सोडलं. हे जनुक शरीरभर झोपलेलं असतं. कासेत दूध तयार व्हायला लागलं की तेवढ्यापुरतं जागं होतं, त्यामुळे जनावराला काही त्रास नाही. दूध प्यायला साधंच. पण त्यातून ती प्रथिनं गाळून काढली की घोड्याच्या औषधाहून स्वस्त आणि बर्फाशिवाय टिकणारं औषध हाती येतं. जनुक नीट बसलं की नाही हे ओळखायला त्यानं सोबत एक खूणही जोडली होती. असं जनावर जांभळ्या अतिनील दिव्याखाली धरलं की त्याचं ओलं नाक हिरवं चमकतं.

यासाठी त्यानं ‘क्षीरवेध’ नावाची कंपनी काढली. योजना साधी होती. गवळ्यांनी ठेव ठेवायची, तीन वर्षांत प्रत्येकाच्या दारात औषधी दुधाचं रेडकू येणार, पुढं कायम निम्मं दूध कंपनीला फुकट द्यायचं आणि उरलेल्याला औषधाचा चढा भाव मिळणार. गवळ्यांनी दुभती जनावरं विकून ठेवी ठेवल्या. शालनवहिनींनी चारातल्या तीन म्हशी विकल्या. शहापुरेनं त्यातून पन्हाळ्याच्या वाटेवर बंगला बांधला, परदेशी गाड्या घेतल्या आणि प्रयोगशाळेचं वीजबिल भरायला विसरला. वीज तुटली, गोठवून ठेवलेलं सगळं बीज वितळून गेलं. राहिला फक्त एक तरणाबांड रेडा, ज्याच्या रक्तात ते जनुक दोन्ही बाजूंनी पक्कं बसलं होतं. म्हणजे त्याच्यापासून होणारं प्रत्येक रेडकू ते घेऊनच जन्माला येणार होतं.

धाड पडणार याची कुणकुण लागली तेव्हा शहापुरेनं एक नामी युक्ती केली. दिवाळी पाडव्याला आमच्याकडे म्हशी सजवून पळवतात. शिंगं रंगवतात, पाठीवरच्या केसांत नक्षी कातरतात, मोरपिसं लावतात, आणि म्हैस मालकाच्या हाकेमागं वाऱ्यासारखी धावते. त्या गर्दीत, हलगीच्या कडकडाटात, शहापुरेनं आपला रेडा हिरवडीच्या म्हसोबापुढं उभा केला, त्याच्यावर भंडारा उधळला आणि माइकवरून जाहीर केलं की हा रेडा आजपासून देवाचा. लोकांनी चांगभलं केलं. चार दिवसांनी त्याला अटक झाली आणि मी रेड्याच्या जप्तीचा अर्ज घेऊन कोर्टात गेले, तेव्हा त्याचे वकील वसगडेकर हात जोडून म्हणाले की माझ्या अशिलाकडे रेडाच नाही, तो म्हसोबाचा आहे, जप्तीबाईंनी म्हसोबाला नोटीस काढावी.

कोर्ट हसलं, मीही हसले, पण मला राग आला होता. बायकोच्या, मेव्हण्याच्या, ड्रायव्हरच्या नावावर मालमत्ता लपवणारे मी खूप पाहिले होते. देवाच्या नावावर लपवणारा हा पहिलाच. मी ठरवलं की याचं दान हे नाटक होतं हे सिद्ध करीनच. न्यायाधीश हुपरीकरांनी निकाल लागेपर्यंत रेड्याच्या बाबतीत परिस्थिती ‘जैसे थे’ ठेवावी असा आदेश दिला.

त्या आदेशाचं पालन रेड्यानं अगदी तंतोतंत केलं. देवाला सोडलेल्या रेड्याला कुणी बांधत नाही, मारत नाही. तो कुणाच्याही उसात शिरतो, कुणाच्याही दारात बसतो. कोर्टात आम्ही तारखांवर तारखा घेत होतो आणि नदीपलीकडं तो गावोगाव हिंडत होता.

दोन वर्षांनी मी जिंकले. पुरावा माझा मीच शोधला होता. रेड्याच्या कातडीखाली ठावठिकाणा सांगणारी एक चिप होती, आणि देवाला दिलेलं जनावर रोज कुठं आहे हे शहापुरे जामिनावर घरी बसून मोबाइलवर पाहत होता. प्रकरण थंडावलं की ट्रक लावून त्याला उचलायचा त्याचा बेत उघड होता. कोर्टानं रेड्याची तात्पुरती जप्ती मान्य केली. ती कायम करायची सुनावणी तेवढी राहिली होती.

पंचनाम्यासाठी मी हिरवडीला गेले तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते. रेडा म्हसोबाच्या देवळामागं चिखलात लोळत पडला होता, त्याचे फोटो झाले, आणि मी चहाला शालनवहिनींच्या गोठ्यात शिरले. त्यांच्या उरलेल्या म्हाताऱ्या म्हशीला वर्षामागं रेडकू झालं होतं. त्याचं नाव शेवंती. ही शेवंती भारी आगाऊ. वहिनी चहा ओतत होत्या तोवर तिनं माझ्या पिशवीत तोंड घातलं आणि आत धुंडाळायला सुरुवात केली. पिशवीत माझा खोट्या नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो. तिच्या तोंडानं त्याचं बटण दाबलं गेलं.

गोठा अंधारा होता. शेवंतीनं पिशवीतून तोंड वर काढलं तेव्हा पिशवीतून वर येणाऱ्या जांभळ्या उजेडात तिचं नाक हिरवंगार चमकत होतं.

मी चहा विसरले. दिवा हातात घेऊन शेजारच्या गोठ्यात गेले, मग त्याच्या शेजारच्या. गल्लीतली पोरं, म्हातारी, पंचनाम्याला आलेले पंच, सगळी वरात माझ्यामागं. गोठ्यागोठ्यांतून हिरवी नाकं वर होत होती आणि लोक हसून लोळत होते. ज्यांच्या ज्यांच्या दारात रेडकू आणून देईन असं सांगून शहापुरेनं त्यांना बुडवलं होतं, त्यांतल्या बहुतेकांच्या दारात ते रेडकू खरोखरच उभं होतं. निम्मे रेडे होते ही गोष्ट वेगळी. मी इतकी हसले की माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि नदी ओलांडून परत येताना मला कायदा आठवला.

आमच्या कायद्यात फळाला मुळाचा नियम लागतो. गुन्ह्याच्या पैशातून घेतलेली बाग जप्त झाली की तिची द्राक्षंही जप्त होतात. घोडी जप्त झाली की तिचं शिंगरूही होतं. या नियमावर मी किती खटले जिंकले आहेत. दान नाटक होतं, म्हणजे रेडा शहापुरेचाच. रेडा गुन्ह्याचा, म्हणजे त्याची रेडकंही गुन्ह्याची. लुबाडलेल्या लोकांना भरपाई द्यायची म्हणून त्यांच्याच दावणीची रेडकं सोडून न्यायची, त्यांचा लिलाव करायचा आणि आलेले चार पैसे त्यांनाच वाटायचे, असा हा प्रकार होता. लपवणं मला जमत नाही. मी वरती अहवाल दिला आणि वरून घरोघर नोटिसा निघाल्या. खाली सही माझी होती.

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर शालनवहिनींनी मला पेला दिला. काठोकाठ दूध होतं, फेस नव्हता. पेला खाली न नेता, माझ्याकडं न बघता त्यांनी धार काढली होती. दहा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी पेला घेऊन तशीच उभी राहिले.

“वहिनी, काहीतरी बोला तरी,” मी म्हणाले.

“काय बोलू? त्यानं नेलं ते चोरून नेलं. तुम्ही न्यायला लागलाय ते शिक्का मारून. माझी दावण दोन्हीकडनं रिकामीच की.”

त्यांनी बादली उचलली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळल्या. मी ते दूध संपवलं, पण ते घशाखाली उतरताना मला लाज वाटली. एवढी वर्षं लोकांना परत मिळवून देणारी बाई म्हणून मी मिरवत होते, आणि आता शालनवहिनींच्या गोठ्यातून शेवंतीला ओढत नेणारी बाई मीच होणार होते.

शहापुरेही गप्प बसला नव्हता. हिरव्या नाकांची बातमी कळताच त्यानं सूर बदलला. वसगडेकरांनी नवा अर्ज टाकला. आमच्या अशिलानं रेडकं देण्याचा शब्द दिला होता, ती रेडकं दारात पोचली आहेत, तेव्हा फसवणूक झालीच कुठं? अशिलाला निर्दोष सोडावं आणि करारानुसार निम्मं दूध कायम त्याला मिळावं. अर्ज वाचून मला त्याच्या धिटाईचं कौतुक वाटलं. तो जिंकला तर शेवंतीचं निम्मं दूध जन्मभर त्याला जाणार होतं. मी जिंकले तर शेवंतीच जाणार होती. शालनवहिनींच्या वाट्याला काही यायचं असेल तर आम्ही दोघांनी हरणं भाग होतं.

हरायची मला सवय नाही. दोन दिवस मी घरात सगळ्यांवर चिडचिड केली. नवऱ्यानं शेवटी विचारलं की त्या पाडव्याला म्हसोबापुढं नक्की झालं काय, आणि मी त्याला सांगायला लागले. शहापुरेच्या मनात काय होतं, चिप काय सांगते, ट्रकचा बेत कसा होता. तो मधेच म्हणाला, “ते मनातलं झालं. लोकांनी काय ऐकलं?”

माझं लाटणं पोळपाटावरच राहिलं. दोन वर्षं मी एका लबाड माणसाचं मन उकरत बसले होते. लोकांनी ऐकलं होतं ते एकच, की रेडा देवाचा. आणि त्या शब्दावर विसंबून त्यांनी त्याला आपल्या उसात चरू दिलं होतं, आपल्या गोठ्यात येऊ दिलं होतं. देवाचा रेडा म्हशीला लागला तर त्याची लागत, म्हणजे म्हैस फळवल्याचे पैसे, कुणी घेत नाही, आणि रेडकू म्हशीच्या मालकाचं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. प्रयोगशाळेत वाढलेल्या शहापुरेला ती माहीत नव्हती. रेडा देवळाजवळ गपगुमान बसून राहील असं त्याला वाटलं होतं. मला इतका आनंद झाला की मी स्वयंपाकघरातच टाळी वाजवली. मग माझ्या लक्षात आलं की आता मला कोर्टात उभं राहून माझ्याच जिंकलेल्या युक्तिवादाविरुद्ध बोलायचं आहे.

सुनावणीला अख्खी हिरवडी आली होती. शालनवहिनी मागच्या बाकावर, पदर डोक्यावर घेऊन, माझ्याकडं न बघता बसल्या होत्या. मी उठले आणि म्हणाले की रेड्याच्या जप्तीचा अर्ज सरकार मागं घेत आहे. हुपरीकर साहेबांनी चष्मा काढला. गेल्या तारखेपर्यंत तुम्ही नेमकं उलट सांगत होता, असं ते म्हणाले. मी म्हटलं, होय साहेब, आणि ते चूक होतं. ज्या लोकांनी दानाचा शब्द खरा मानून व्यवहार केला, त्यांच्याविरुद्ध देणाऱ्याच्या मनातलं नाटक वापरता येणार नाही. त्यांना त्यातलं काही माहीत नव्हतं. त्यांच्या दृष्टीनं तो त्या दिवसापासून देवाचाच रेडा होता, आणि त्यांची रेडकं त्यांची आहेत.

वसगडेकर उसळून उठले. रेडा माझ्या अशिलाचाच होता, त्याच्याच संशोधनानं रेडकं झाली, असं ते सांगायला लागले. मी त्यांना बोलू दिलं. मग कोर्टाच्या परवानगीनं मी शहापुरेला एकच प्रश्न विचारायचं ठरवलं. तो पिंजऱ्यात आला. उंच, देखणा माणूस, कपड्यांना कडक इस्त्री.

“डॉक्टर, पाडव्याला म्हसोबापुढं तुम्ही रेडा मनापासून सोडलात, की नाटक केलंत? नाटक होतं असं म्हणालात तर मालमत्ता लपवल्याचा वेगळा गुन्हा तुम्ही इथंच कबूल करताय. मनापासून होतं म्हणालात तर रेडकांवर तुमचा काडीचा हक्क नाही. नीट विचार करून सांगा.”

बाहेरच्या रसवंतीच्या घुंगरांचा आवाज आत येत होता. शहापुरेनं वसगडेकरांकडं पाहिलं. वसगडेकर कागद चाळायला लागले. मग तो माझ्याकडं बघून हसला, हरलेला पण हुशार माणूस हसतो तसं.

“मनापासून,” तो म्हणाला.

मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच चांगभलं म्हणालं आणि साहेबांनी ऐकलं नाही असं दाखवलं. वसगडेकरांनी शेवटचा धागा धरला. दान खरं असलं तरी शब्द पाळला गेलाच ना, रेडकं दारात आलीच ना.

“शब्द पाळला गेला साहेब,” मी म्हटलं. “पण तो म्हसोबानं पाळला. आरोपीनं नाही.”

हुपरीकर साहेबांना हसू आवरत नव्हतं. त्यांनी रेड्यावरची जप्ती उठवली, रेडकांच्या नोटिसा रद्द केल्या आणि निम्म्या दुधाची मागणी फेटाळली. बंगला आणि गाड्या मी आधीच जप्त केल्या होत्या, त्या विकून ज्यांच्या दारात रेडकू आलं नव्हतं किंवा रेडा आला होता त्यांना आधी भरपाई मिळाली. शहापुरेला मूळ फसवणुकीसाठी पुढं शिक्षा झाली, ती दुसऱ्या सरकारी वकिलानं मिळवली. माझ्या कारकिर्दीतला हा एकमेव मागं घेतलेला अर्ज. बाररूममध्ये महिनाभर सगळे मला म्हसोबाबाई म्हणत होते.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर मला बघताच शालनवहिनींनी पेला विसळून घेतला. त्यांनी तो म्हशीच्या कासेखाली धरला, जितका खाली नेता येईल तितका नेला आणि फेस पेल्याबाहेर उतू जाईपर्यंत धार काढली. मी तोंडाला लावला तेव्हा माझ्या नाकापर्यंत फेस आला आणि नोटिसा निघाल्यापासून त्या पहिल्यांदा हसल्या. मला त्या क्षणी रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

शेवंती दोन वर्षांनी व्याली. आता नदीपलीकडं गवळ्यांची स्वतःची संस्था आहे. दूध गाळून प्रथिनं वेगळी काढायचं यंत्र त्यांनी सरकारी प्रयोगशाळेच्या मदतीनं बसवलं आहे, आणि गगनबावड्याच्या भातखाचरांत घोणस चावलेल्या एका बाईला त्यातलं पहिलं औषध टोचलं गेलं. ती बाई बरी होऊन स्वतः हिरवडीला आली आणि शेवंतीच्या कपाळाला कुंकू लावून गेली.

शेवंतीचा पहिला चीक शालनवहिनींनी गल्लीत वाटला. एक डबा माझ्यासाठी आणला आणि दुसराही माझ्याच हातात दिला.

“ह्यो त्या डॉक्टरला पोचवा तुरुंगात.”

मी चकित होऊन विचारलं, त्यानं तुमच्या तीन म्हशी घालवल्या, त्याला चीक?

“घालवल्या खऱ्या. पर अक्कल त्याचीच व्हती की. पोरीचा चीक अख्ख्या गावानं खाल्ला, आन जनमदात्यानं नगं खायाला?”

तुरुंग अधीक्षकांची परवानगी काढायला मला एक अर्ज करावा लागला, तो मी आनंदानं केला. आठवड्याभरानं डबा परत आला. वहिनींनी कट्ट्यावर तो माझ्यासमोर उघडला आणि आत डोकावून बघितलं. कडेला चिकाचा पिवळा थर तसाच वाळलेला होता. डबा धुतलेला नव्हता. कुणाला तरी विचारून का होईना, त्यानं ही रीत शिकून घेतली होती.

वहिनींनी झाकण लावलं.

“आला म्हनायचा मानसात,” त्या म्हणाल्या, आणि माझा पेला भरायला घेतला.